शीव ओलांडली की नाव सांगावं

कडूबाई माझ्या दुकानात आली की उंबऱ्याबाहेर थांबते आणि मोठ्यानं सांगते, "मी कडूबाई, आप्पाराव मेंढक्याची. मेंढरं साठ, एडका एक. बबनरावाच्या रानात उतरलोय, चार रोज हावोत."

अगं बाई, वीस वर्षं झाली मी तुला ओळखतो! चौसाळ्यात हायवेला लागून माझं दुकान. दोर, घंटा, लोकर कातरायच्या कात्र्या, मेंढरांचं जंतावरचं औषध, सगळं माझ्याकडंच मिळतं. तिच्या लग्नानंतरची पहिली कात्री मीच दिलेली. तरी दर वेळी उंबऱ्यावर हीच कवायत.

मी चेष्टा करायचो. "कडूबाई, आधार कार्ड पण दाखव की."

"हसा शेट, हसा. पर ज्याच्या शिवंत पाय ठिवला त्याला आदी नाव सांगावं. न सांगता शिरतो त्यो चोर. सासऱ्यानं शिकवलंय."

हे मेंढक्यांचं फार जुनं. दुसऱ्याच्या गावची शीव ओलांडली की कळप थांबवायचा, गावात जायचं, नाव, मेंढरं किती, मुक्काम किती, सगळं सांगायचं आणि मगच रानात उतरायचं. एरवी कडूबाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढणार नाही. उखाण्यातसुद्धा लाजते. पण शीव ओलांडली की ठणठणीत आवाजात सांगते, आप्पाराव मेंढक्याची.

तर या बाईचं आणि तिच्या नवऱ्याचं सांगतो. सांगताना माझं तोंड खराब झालं तर ऐकून घ्या. मी सोमलिंग, माळकरी नाही, लिंगायत वाणी आहे, सकाळी पूजा केल्याशिवाय गल्ल्याला हात लावत नाही. पण या गोष्टीत शिवी येते. आल्याशिवाय राहत नाही.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्यांचा कळप पाटोद्याच्या रस्त्याला एका रानात बसवलेला होता. पहाटे उठून बघतात तर मेंढरं कोंडायची जाळी एका अंगानं कापलेली आणि चिखलात पिकअपच्या चाकांचा माग. तीस मेंढरं गेली. त्यांच्याबरोबर एडका गेला.

तो एडका साधा नव्हता. बिरोबाच्या नावानं सोडलेला. असला एडका विकत नाहीत, कापत नाहीत. मरेपर्यंत तो कळपाच्या पुढं चालतो आणि कळप त्याच्या मागं. नाव सरदार. त्याच्या गळ्यातली पितळी घंटा माझ्या दुकानातली, मी हातानं बांधलेली.

आप्पाराव ठाण्यावर गेला. तिथं जमादार उत्तरेश्वर. पोट सुटलेला, तोंडात सुपारी. त्यानं फिर्याद लिहून घेतली, तेवढं पुण्य केलं. आठ दिवसांनी आम्ही दोघं परत गेलो तर म्हणतो, "गाडी सीमेपलीकडं गेली. राज्य बदललं. तिकडं आपली हद्द न्हाई."

मी म्हणालो, "जमादार, मंग पुढं काय?"

"पुढं काय? वरची परवानगी लागती. तिकडच्या ठान्याला पत्र लागतं. तीस मेंढरासाठी कोन एवढं करतंय, सोमलिंगशेट? मानसं सापडंनात आमाला."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, हद्द म्हणजे काय चिनी भिंत आहे का? कागद केला, पलीकडच्या ठाण्याला कळवलं, तर पोलीस कुठंही जातो. रोज जातात. पण कागद करायला हात हलवावा लागतो, आणि हात हलवायला समोरचा माणूस कुणीतरी असावा लागतो. मेंढका कोण? आज इथं, उद्या तिथं. त्याचं मत कुठं, त्याचा पुढारी कोण? म्हणून हद्द संपली.

आप्पाराव बोलतच नाही फारसं. घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली आणि निघाला. वाटेवरच्या मेंढक्यांना विचारत विचारत गेला. त्यांच्यात बातमी बरोबर चालते, पोलिसांच्या वायरलेसपेक्षा बरी. दोन महिन्यांनी सीमेपलीकडच्या एका जनावरांच्या बाजारात त्याला घंटा ऐकू आली.

त्यानं लांबूनच साद घातली. एवढ्या गर्दीत एडक्यानं मान वर केली आणि व्यापाऱ्याच्या हातातला दोर हिसडून सरळ याच्या पायाशी येऊन उभा राहिला. कानाला आप्पारावच्या घरची खूण, दोन कातर आणि एक भोक. बाकीची तीस कधीच खाटकाकडं गेली होती. आप्पाराव तिथल्या ठाण्यावर गेला. ते म्हणाले, "तुमच्या पोलिसांना घेऊन या." बघा आता! इथले म्हणतात तिकडं आमची हद्द नाही, तिकडचे म्हणतात तुमचे पोलीस आणा. मधे उभा आप्पाराव, हातात एडक्याचा कान.

मग त्यानं काय केलं? कुणी शहाणा असता तर एडका घेऊन गुपचूप सटकला असता. हा परत बाजारात जाऊन मधोमध उभा राहिला आणि ओरडून म्हणाला, "मी आप्पाराव मेंढका, बीड जिल्हा, चौसाळ्याचं रान. ह्यो एडका बिरोबाचा हाय, माझा हाय, चोरून आनलेला हाय. मी त्याला नेतोय. कुनाचं काय म्हननं आसंल तर चौसाळ्याला या, सोमलिंगशेटच्या दुकानात इचारा."

माझ्या दुकानाचा पत्ता देऊन आला!

मी कपाळाला हात लावला. "अरे येड्या, नाव-गाव कावून सांगितलंस?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मीच येडा. "मंग? न सांगता आनला आसता तर चोरी झाली आसती की."

आता याला काय म्हणायचं? माझ्या बायकोनं, नीलम्मानं, एडक्याला भाकरी चारली आणि मला म्हणाली, "तुमी गप बसा. त्यो बरोबर वागलाय." वागला बरोबरच. पण बरोबर वागणाऱ्याचं या देशात काय होतं ते पुढं ऐका.

मधे आठ महिने गेले. श्रावण महिना, दुपारचे तीन. बबनरावाचा फोन आला. "सोमलिंग, आरं तुझ्या मेंढक्याला कुनीतरी जीपमधी घातलंय. चार गडी हायत, वर्दी न्हाई. संगं पिकअप आन एक व्यापारी. पळ."

मी मोटारसायकलला किक मारली. बबनरावाचं रान दोन किलोमीटर, मधे एक अरुंद पूल. पुलाच्या अलीकडं पोचतो तोच समोरून पिकअप सुसाट आली. मला कट मारून हायवेकडं गेली. आणि त्या गाडीतून घंटा वाजली. माझी घंटा. मी विकलेली घंटा मला झोपेतसुद्धा ओळखू येते. सरदारला नेत होते.

पुलापलीकडं कडूबाई उभी होती. कळप तिनं कडेच्या रानात धरून ठेवलेला. तिनं पिकअप जाऊ दिली. एडक्याचं डोकं फळीवरून दिसत होतं, ते तिनं बघितलं, आणि तरी जाऊ दिली. मागून जीप येत होती आणि जीपमध्ये नवरा होता. एकच गाडी अडवता येणार होती. पिकअप पुलावरून उतरली तशी तिनं जीभ टाळ्याला लावून आवाज काढला आणि साठच्या साठ मेंढरं पुलावर घातली.

जीपनं हॉर्न मारला. मेंढरं ढिम्म. ड्रायव्हर खाली उतरला, हाकलायला लागला. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोल उभी.

"ए बाई, हटा ह्यांना!" पुढच्या सीटवरचा त्यांचा साहेब ओरडला. मराठी मोडकी, पण गुर्मी पक्की.

कडूबाई म्हणाली, "कळप एडक्याच्या मागं चालतो. एडका तर तुमी आत्ताच नेलाव. आता ही कुनाच्या मागं जातील?"

मला हसू पण आलं आणि डोळ्यांत पाणी पण आलं. आप्पाराव मागच्या सीटवर दोघांच्या मधे दाबलेला, पटका सुटलेला, ओठ फुटलेला. मला बघून मान खाली घातली. त्याला काय झालं होतं लाजायला? लाज त्यांना वाटायला पाहिजे होती.

कडूबाई जीपच्या बॉनेटसमोर जाऊन उभी राहिली. "नाव सांगा."

"पोलीस."

"पोलीस हे नाव न्हाई. नाव काय, गाव कोन्चं, आमच्या शिवंत शिरताना कुनाला सांगितलं?"

"सरकारी कामात अडथळा करते? तुला पण आत टाकतो."

"टाका. पर आदी नाव सांगा. आमी मेंढरं घिऊन दुसऱ्याच्या रानात शिरतो तवा आदी नाव सांगतो. तुमी तर मानूस उचलायला आलाव."

मी माझ्या पुतणीला फोन लावला. रुद्राणी बीडच्या कोर्टात वकिली करते, जिभेला धार आमच्या घरचीच. मी धडाधडा सांगितलं. ती म्हणाली, "काका, आधी मला सांगा, त्यांनी आपल्या ठाण्यात नोंद केलीय का?"

मी साहेबाला विचारलं. तो म्हणाला, "गरज नाही." हातातल्या मोबाईलवर फिर्यादीचा फोटो दाखवला. चोरीची फिर्याद. कुणाची? त्या व्यापाऱ्याची. आरोपी आप्पाराव, पत्ता सोमलिंगचं दुकान, चौसाळा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी!

"काका, गाडी सोडू नका," रुद्राणी फोनवर म्हणाली. मी स्पीकर चालू केला. "दुसऱ्या राज्याच्या पोलिसांनी आधी इथल्या ठाण्यात कळवायचं असतं. ओळखपत्र, अटकेचा कागद, घरच्यांना सांगणं, हे सगळं लागतं. एकदा का सीमा ओलांडली, की इथं कुणी त्याच्यासाठी जबाबदार नाही. त्याला तिकडं काय केलं, कुठं ठेवलं, काही कळणार नाही. आधी ठाण्यावर न्या त्यांना. मी निघाले."

कडूबाईला बाकी काही कळलं असो नसो, एवढं कळलं की नवरा सीमेपलीकडं गेला की संपला. ती जीपला चिकटून उभी राहिली. तोपर्यंत बबनराव चाळीस माणसं घेऊन आला. साहेबाची गुर्मी जरा उतरली. मग कडूबाईनं मेंढरांतली एक म्हातारी मेंढी कानाला धरून ओढली आणि तिच्यामागं कळप हळूहळू पुलावरून उतरला. म्हणजे एडक्याशिवायही हलवता येत होता! मी बघितलं तिच्याकडं. ती म्हणाली, "शेट, समदंच खरं सांगावं असं कुठं हाय?" एवढ्या रागातसुद्धा.

ठाण्यात उत्तरेश्वर जमादार बसलेला. तोच. सुपारी तीच.

"या या साहेब," त्यानं त्या लोकांना खुर्च्या दिल्या. चहा सांगितला. नोंद नाही, कागद नाही, आणि चहा! मला म्हणतो, "सोमलिंगशेट, पोलिसानं पोलिसाला मदत करायची आसती. जाऊ द्या त्यास्नी. त्यांच्या ठान्याची केस हाय."

माझा ताबा सुटला. टेबलावर हात आपटला मी. "आन हद्द? गेल्या साली हद्द कुठं गेलती रे तुझी? तीस मेंढरं गेली तवा सीमेपलीकडं तुझा पाय जळत हुता. आता पलीकडचा इथं इऊन मानूस उचलतोय, तर हद्द कुठं हाय? का हद्द फकस्त गरिबाला लागती बे?"

उत्तरेश्वर लाल झाला. "तोंड सांभाळा शेट."

"तूच सांभाळ तुझं, सुपारी सांडंल!"

तेवढ्यात कडूबाईनं कमरेची पिशवी सोडली. प्लास्टिकच्या कागदात घडी घातलेली गेल्या वर्षीची फिर्याद. वर त्याच जमादाराची सही. त्यात लिहिलेलं, एक एडका, कानाला दोन कातर आणि एक भोक, गळ्यात पितळी घंटा. म्हणजे ज्या एडक्याच्या चोरीसाठी आप्पारावला नेत होते, तो एडका आधीच याच ठाण्यात आप्पारावचा म्हणून नोंदवलेला होता. तिनं तो कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर पंजा दाबून धरला. "वाचा म्हनावं त्यास्नी. मोठ्यानं."

उत्तरेश्वर वाचेना. शेवटी रुद्राणीनं आल्या आल्या वाचला. त्या साहेबानं ऐकून घेतलं आणि घड्याळाकडं बघितलं. पण आता वकील समोर, चाळीस माणसं अंगणात. नोंद करावीच लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीडला मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. बाई मॅजिस्ट्रेट होत्या, वयानं रुद्राणीएवढ्याच. त्यांनी विचारलं, इथल्या ठाण्याला आधी का कळवलं नाही? आरोपीला नोटीस का पाठवली नाही? नाव-पत्ता तर त्यानं स्वतःच बाजारात ओरडून दिला होता, मग पळून जाणार होता कुठं? आप्पारावला न्यायची परवानगी नाकारली. नोटीस हातात दिली, तिकडं हजर व्हायची तारीख लावून दिली. तो सुटला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी पेढे वाटायच्या तयारीत. नवरा सुटला म्हणून कडूबाई रडेल, पाया पडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "चला शेट, ठान्यावर."

"आता कशाला?"

"एडका."

गेलो. ती टेबलापुढं उभी राहिली. "मी कडूबाई, आप्पाराव मेंढक्याची. मेंढरं साठ, एडका एक. काल दुपारी तुमच्या हद्दीतून माझा एडका पिकअपमधी घालून नेला. लिवून घ्या."

उत्तरेश्वरनं सुपारी या गालातून त्या गालात केली. तोंडातून काय आलं असेल? सांगा ना, काय आलं असेल?

"गाडी एव्हाना सीमेपलीकडं गेली आसंल, बाई. तिकडं आपली हद्द न्हाई."

मी धावूनच गेलो असतो. रुद्राणीनं माझा सदरा धरला. कडूबाई टेबलापुढून हलली नाही. ती म्हणाली, "हेच लिवून द्या. सही-शिक्क्यानं." त्यानं दिलं नाही. अजून दिलेलं नाही. रुद्राणीनं वर अर्ज केलाय, त्याच्यावर धूळ बसतेय.

तारखेला आम्ही तिकडं गेलो, आप्पाराव, कडूबाई, रुद्राणी आणि मी. नीलम्मानं भाकऱ्या बांधून दिल्या. ठाण्याच्या दारात आप्पाराव थांबला आणि नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग कडूबाईनं एडका मागितला. तिथल्या कारकुनानं रजिस्टर चाळलं. एकदा, दोनदा.

"एडका? जप्तीत एडका नाही."

"न्हाई म्हंजी? तुमच्याच मानसांसमोर गाडीत घातला!"

"पंचनामा नाही, जप्ती नाही. आमच्याकडं एडका आलाच नाही."

रुद्राणीनं विचारलं, मग केस कशावर चाललीय? चोरीला गेलेली वस्तू कुठंय? कारकून म्हणाला, साहेब रजेवर आहेत. व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणे, कसला एडका, मी तर पिकअप रिकामी आणली. रुद्राणीनं बबनरावाचा, कडूबाईचा आणि माझा जबाब लिहून दिलाय, पण ती म्हणाली, वर्ष तरी जाईल. एडका वर्षभर कुठं राहतो ते मला आणि कडूबाईला दोघांनाही माहीत होतं. मेंढराचा बाजार आठवड्याला भरतो.

आता बघा. इकडच्या ठाण्यात एडका सीमेपलीकडं गेलेला. पलीकडच्या ठाण्यात एडका आलेलाच नाही. मग गेला कुठं? हवेत? दोन राज्यांचे पोलीस, दोन रजिस्टरं, आणि बिरोबाचा एवढा मोठा घंटा वाजवत चालणारा एडका दोघांच्या मधे नाहीसा झाला. थू तुमच्या रजिस्टरावर!

येताना एसटीत कडूबाई खिडकीशी बसली होती. सीमेचा फलक मागं गेला तशी ती म्हणाली, "शेट, मी त्या पुलावर पिकअप जाऊ दिली."

"नवऱ्याला वाचवलंस बाई. आनखी काय करनार हुतीस?"

"तेच म्हनते. बिरोबाला काय सांगू?"

आप्पारावनं तिच्या हातावर हात ठेवला, चारचौघांत, या वयात. तिनं काढला नाही.

काल ती दुकानात आली होती. औषध न्यायला. उंबऱ्यावर थांबली. मी चेष्टा करायची बंद केलीय. तिनं नेहमीच्या आवाजात सांगितलं, "मी कडूबाई, आप्पाराव मेंढक्याची. मेंढरं साठ, एडका एक."

मी म्हणालो, "कडूबाई, एडका आता..."

"एक," ती म्हणाली. "साठ माझ्याकडं हायत. एक सरकारकडं हाय."